शिवानीचं यीस्ट

"मावशी, तिची ही एकच कुपी उरलीय. मी करू का?" उमाशंकर सरांनी विचारलं.

"न्हाई सर. मीच करते."

फ्रीझरमधून काढलेली बोटभर कुपी कमलम्मानं तळहातावर धरली. वर लेकीच्या अक्षरात प्रयोगाच्या पहिल्या दिवसाची तारीख होती. शिवानी लातूरच्या या कॉलेजात सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होती, आई त्याच प्रयोगशाळेत परिचर. दोन वर्षांपूर्वी उदगीरहून येताना शिवानीची जीप उलटली, ती जागीच गेली. तिचा प्रयोग मात्र थांबला नाही; उष्णता तिनं तीस अंशांपासून हळूहळू चाळीसवर आणली होती. रोज यीस्टचा एक थेंब ताज्या द्रवात सोडायचा आणि बाटली चाळीस अंशांच्या कपाटात ठेवायची. कमलम्मा ते करत आली, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. कपाटाची घरघर चालू असली की कधीकधी तिला मागून "अव्वा" अशी लेकीची हाक ऐकू यायची. ती वळून बघायची नाही.

आता त्या बाटलीतल्या यीस्टच्या जनुकीय तपासणीचा निकाल आला होता.

"उष्णता सोसायला या यीस्टनं आधी घाईनं एक अख्खं गुणसूत्र दुप्पट करून घेतलं," सर म्हणाले. "पुढं एका जनुकात नेमका बदल झाला, तशी ती जादा प्रत पिढ्यापिढ्यांनी गळून गेली."

"मंग शिवानीनं सोडलेलं त्यात काय ऱ्हायलं?"

सरांनी कुपीकडे बोट दाखवलं. "तिच्या वेळचं जसंच्या तसं फक्त या कुपीत आहे. एक थेंब चाळिसात ठेवा, एक तिसात. चाळिसातलं वाढलं नाही, तरच शिवानीचं म्हणणं खरं, की उष्णता सोसणं यीस्टनं पुढच्या पिढ्यांत कमावलं."

"म्हंजी मारायलाच ठेवायचं."

सरांनी ताज्या द्रवाच्या दोन बाटल्या तिच्यापुढं ठेवल्या. कमलम्मानं दोन्ही थेंब सोडले.

दोन दिवसांनी तिसातली बाटली दुधाळ झाली होती. चाळिसातली पाण्यासारखी नितळ. कमलम्मानं ती उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली.

"शिवानी बरोबर होती, मावशी," सर म्हणाले. "पेपरवर पहिलं नाव तिचंच."

"हाव," ती म्हणाली.

सरांनी दुधाळ बाटलीतलं थोडं नव्या कुप्यांत गोठवायला घेतलं. उरलेलं नेहमीसारखं वाफेत निर्जंतुक करून ओतून द्यायचं होतं. कमलम्मानं त्या बाटलीचा कापसाचा बोळा काढला. आंबलेल्या पिठाचा गोडसर वास आला. रोज संध्याकाळी शिवानी घरी आली की तिच्या केसांना हाच वास असायचा.

तिनं एकदाच खोल श्वास घेतला. मग बोळा घट्ट बसवला, दोन्ही बाटल्या वाफेच्या ऑटोक्लेव्हमध्ये ठेवल्या आणि झाकणाचे स्क्रू एकेक करून आवळले.