सात नंबरच्या सागाखाली

भैरवीने दोन महिन्यांपूर्वी सागाखाली पुरलेली सुती पट्टी ओढून काढली आणि ती बघतच राहिली; पट्टी जशीच्या तशी होती. एवढ्या काळात मातीतले जिवाणू अन् बुरशी कापडाची चाळणी करून टाकतात. नागपूरजवळच्या त्या रोपवनात बाकी सगळीकडे तसंच झालं होतं. फक्त सात नंबरच्या प्लॉटमध्ये माती कशालाच तोंड लावत नव्हती. पाला गुडघाभर साचलेला, पण तो कुजेना. म्हणून झाडांना खायला मिळेना. वीस वर्षांचे साग काठ्यांसारखे उभे होते.

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या भैरवीची बारा वर्षं माती तपासण्यात गेली होती. तिने मूठभर माती हुंगली. वासच नव्हता.

"इथं काही सडत नाही, मॅडम," रोपवनाची राखण करणारी जयवंता म्हणाली.

"तुम्हाला कधी कळलं, मावशी?"

"माह्या शेरूले पुरलं ना इथं. चार सालं झाली. मंग डुकरानं उकरलं, म्हणून पाहाले आली, तं..."

पुढे न बोलता तिने हातानेच माती बाजूला सारली. कुत्रा पाय पोटाशी घेऊन निजला होता. मिशासुद्धा तशाच. अर्धवट उघडे डोळे ओले होते. माशी एकही नव्हती.

"त्याले जाऊ काहून देत नाही थे माती?"

भैरवीने ती माती पिशवीत भरून घेतली. प्रयोगशाळेत त्या मातीत विकरांची, म्हणजे कुजवणाऱ्या एन्झाइमांची, काडीचीही हालचाल दिसली नाही. शेवटी जिवाणू अन् बुरशी रुजावी म्हणून तिने शेजारच्या जुन्या जंगलातली दोन पोती माती आणून प्लॉटवर पसरली.

तिसऱ्या आठवड्यात जयवंताचा फोन आला. "मॅडम, लवकर या."

फाटकापाशीच दुर्गंधीने भैरवीचा जीव गुदमरला. वीस वर्षांचं साचलेलं सगळं एकदम कुजत होतं. पाल्यातून वाफ निघत होती, पांढरे तंतू बघता बघता पुढे सरकत होते. शेरूच्या जागी नुसता खड्डा होता, हाडही उरलं नव्हतं. काठावर बसून जयवंता रडत होती.

"सुटला माहा शेरू, मॅडम. सुटला."

पायाखालची जमीन गरम झाली, मग हळूच खचली. भैरवीने जयवंताला दंडाला धरून उठवलं.

"चला मावशी, आधी बाहेर चला!"

"घाबरू नका," जयवंता डोळे पुसत म्हणाली. "लय दिवसाची उपाशी हाये थे माती."

पुढे साग वाढीला लागले. भैरवी दर महिन्याला नमुने घ्यायला जाते. पण त्या प्लॉटमध्ये ती खाली बसत नाही, आणि एका जागी फार वेळ उभीही राहत नाही.