दांडीला टेकवलेला गुडघा

अमृतच्या पत्राला मी चार वर्षं उत्तर दिलं नाही. ते हरवलं असतं तर बरं झालं असतं, निदान एक सबब मिळाली असती. पण मी आयुष्यभर वाचनालयात ग्रंथपाल होतो आणि माझ्या हाती आलेला कागद हरवत नाही. जानेवारी नव्याण्णवपासून ते पत्र माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होतं आणि मला ते तोंडपाठ होतं.

अमृत माझा जुन्नरच्या शाळेतला वर्गमित्र. मी पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायचो, तो कुणाचीतरी सायकल घेऊन पळायचा. पुढं तो पिंपरीच्या एका कारखान्यात नळ्या जोडायच्या झाळकामाला लागला. तरुणपणी दोनदा मुंबई-पुणे शर्यतीत उतरला. एकदा बोर घाटात पडला, एकदा पोचला. कारखान्यातल्या आवाजानं त्याचे कान गेले, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. जे सांगायचं ते पत्रानं. निवृत्त झाल्यावर कुणीतरी परदेशातून त्याला शर्यतीच्या सायकलीच्या पोलादी नळ्या आणून दिल्या. अंड्याच्या कवचासारख्या पातळ. तीन फ्रेम होतील एवढ्या. पहिली फ्रेम त्यानं स्वतःसाठी केली आणि दुसरी माझ्यासाठी.

माझ्यासाठी का, तर चूक माझीच. वाचनालयात कुणीतरी इंग्रजी सायकल-मासिकांचा गठ्ठा देणगी म्हणून टाकला होता. तो वाचणारा मी एकटाच. एकदा अमृतकडे जेवायला गेलो असताना मी कागदावर आकृत्या काढून, पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा कोन आणि उतारावरचा वेग यांचा संबंध त्याला तासभर समजावला. इतकं ज्याला माहीत, तो चालवत असणारच, असं त्याला वाटलं असावं. मी तेव्हा भाजी आणायलासुद्धा चालत जात होतो. त्यानं उठून सुतळीनं माझ्या मांड्यांची, हातांची, पाठीची मापं घेतली. शिंप्यानंही माझ्याकडं कधी इतक्या आदरानं पाहिलं नव्हतं. मला खरं सांगायचं धैर्य झालं नाही.

फ्रेम चिमट्यासकट गोणपाटात गुंडाळून एसटीच्या टपावरून नारायणगावला आली. मागोमाग पत्र.

‘सावळ्या, माझी फ्रेम उतारावर पुढून हलते. आता गुडघा गेला, मला तपासता येत नाही. तुझ्या फ्रेमला मी कोन बदललाय. जुळणी झाली की पेठच्या घाटातून मंचरकडं उतर. सायकल हलते का बघ. हलली तर दांडीला गुडघा टेकव. थांबली तर माझा सांधा चुकला. नाही थांबली तर चाकं चुकली. काय असेल ते खरं कळव. तू वाचणारा माणूस, नीट लिहिशील. एका फ्रेमच्या नळ्या उरल्यात. ती शेवटची. तुझं पत्र आल्याशिवाय मी नळी कापणार नाही. हात अजून दोन-चार वर्षं साथ देईल असं वाटतं.’

मी त्याच दिवशी अंतर्देशीय आणलं, त्यावर अमृतचा पत्ता लिहिला आणि आत ‘प्रिय अमृत’ इतकं लिहून थांबलो. घाट उतरल्याशिवाय पुढं लिहिण्यासारखं काही नव्हतं. आणि सायकल पूर्ण झाल्याशिवाय घाट उतरता येत नव्हता. पुढची चार वर्षं मी ती पूर्ण होऊ दिली नाही.

जुळणी जुन्नरच्या तय्यबभाईंनी केली. त्यांच्या वडिलांपासूनचं सायकलीचं दुकान. चाकं त्यांनी स्वतः बांधली, एकेक स्पोक ताणून, कान लावून, सतारीसारखी. चाकांचा आउट, म्हणजे फिरतानाची लचक, काढायला दोन दिवस घेतले. पहिल्यांदा उभी केली तेव्हा आम्ही दोघांनी ती आळीपाळीनं उचलून पाहिली. दोन बोटांनी उचलली जात होती. मग तय्यबभाईंनी इकडंतिकडं पाहिलं.

“स्टँड कुठाय?”

“शर्यतीच्या सायकलीला नसतो,” मी म्हणालो.

“म्हंजी? घरी गेल्यावर ही काय भिंतीला टेकून पेंगणार व्हय? बरं दिसतं का, मास्तर?”

खरंच बरं दिसलं नसतं. मी कधी कुणाशी वाद घातलेला नाही. तय्यबभाईंनी रबराची पट्टी गुंडाळून, नळी चेपणार नाही अशा बेतानं स्टँड बसवला. घरी आल्यावर बायको म्हणाली, “आन पिशवी कुठं ठिवायची? मांडीवर?” म्हणून कॅरिअर आलं. कॅरिअर आलं तसे मडगार्ड आले, कारण चिखल. डायनॅमो आला, कारण मी अंधारात लवकर घाबरतो. जगभर लोक असल्या सायकलीवरून एकेक ग्रॅम कमी करतात. आम्ही नारायणगावजवळच्या वारूळवाडीत एकेक किलो वाढवत गेलो. शेवटी ती पोस्टमनच्या सायकलीसारखी दिसायला लागली, फक्त पोस्टमन रोज चालवतो.

मी मात्र तिचा दर्जा वाढवत होतो. पुतण्या ऋषी संगणकाच्या कामासाठी परदेशी जायचा, त्याच्याकडं यादी द्यायचो. एका वर्षी ब्रेक आले. पुढच्या वर्षी गिअर बदलणारं नाजूक यंत्र आलं. मग मासिकात वाचून कळलं की सीट चुकीची आहे. नवी सीट आली. बायकोचं नाव इंद्रायणी, आणि बोलणंही तसंच वाहतं.

“लोकं बसाया सीट घेत्यात,” ती म्हणाली. “तुमी बघाया घेताय.”

“अजून जुळणी चालू आहे.”

“लेकराची पत्रिका जुळवाया यवढी वर्सं लागली नवती.”

दर खंडेनवमीला ती सायकलीला हळदकुंकू वाहायची, झेंडूची माळ घालायची. शेजारचा ट्रॅक्टर, विळे, कोयता आणि माझी सायकल. बाकीची हत्यारं वर्षभर राबून पूजेला बसायची. माझं एकटंच थेट देवपण भोगत होतं. दोन हजार एक साली माळेतला एक झेंडू गिअरच्या यंत्रात अडकला, तो दिवाळीनंतर सापडला. म्हणजे दरम्यान मी किती चालवली असेल ते समजा.

अगदीच बसत नव्हतो असं नाही. सकाळी वाचनालयापर्यंत जाऊन यायचो. दीड किलोमीटर, सपाट. उतार लागला की उतरून चालायचो.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात मंचरला एका लग्नात मांडवाच्या त्या टोकाला अमृत दिसला. मी जिलबीच्या कढईमागं गेलो. आचारी म्हणाला, “पावणं, पंगत तिकडं हाय.” मी म्हणालो, मला कढई बघायची आहे. तिथून मी अर्धा तास जिलबी आणि अमृत बघत होतो. कुणीतरी त्याला चहा दिला. त्यानं कप दोन्ही हातांनी धरला. एका हातानं नाही, दोन्ही. तरीही बशीत सांडला.

मी न जेवता घरी आलो. त्या दिवशी त्या पत्राचा अर्थ मला खरा कळला. तीन फ्रेमच्या नळ्यांपैकी शेवटच्या नळ्या पिंपरीत एका कपाटावर पडून होत्या. त्यांच्यासाठी लागणारा हात आता चहा सांडत होता. आणि मधे अडथळा फक्त एकच होता, मी.

पश्चात्ताप झाला की माणसं देवाला जातात. मी ऋषीला फोन करून पुढचा चिमटा मागवला. कार्बनचा. सगळ्यात उत्तम. वाटलं, याच्यावर सायकल हलणारच नाही. मग मी धाडस करून उतरेन आणि अमृतला आनंदाचं पत्र लिहीन.

चिमटा आला तेव्हा दोन हजार तीनचा फेब्रुवारी होता. तो वर्तमानपत्रात गुंडाळून मी सायकल घेऊन जुन्नरला गेलो. तय्यबभाईंनी चिमटा हातात घेतला, टिचकी मारली, वास घेतला.

“लई भारी. मग हा जुना?”

“काढा.”

“मास्तर, तुमीच मला येकदा ते पत्र वाचून दाखवलं व्हतं. हाच चिमटा बघायचाय ना अमृतभाऊंला? ह्यो काढला तर त्यांला काय लिवणार? दुसऱ्याचा चिमटा चांगला हाय म्हनून?”

चार वर्षं मासिकं वाचून मला ही गोष्ट सुचली नव्हती, किंवा नेमकी हीच सुचली होती.

“काढत नाय,” तय्यबभाई म्हणाले. “पयलं उतरून दाखवा. आन मला बी कळू द्या. गुडघा टेकवून थांबली नाय, तर चाकं चुकली असं लिवलंय त्यात. चाकं माजी हायेत. चार वर्सं मी बी झोपतो ते काय सुखानं झोपतो व्हय?”

त्यांनाही घोर होता हे मला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी पाना घेतला आणि स्टँड, कॅरिअर, मडगार्ड, डायनॅमो असं सगळं उतरवलं. स्टँड काढताना खाली मान घालून म्हणाले, “ह्ये बी माजंच पाप.” नळीला ओरखडासुद्धा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोरी बुद्रुकच्या हौशीरामच्या टेम्पोत टोमॅटोच्या क्रेटवर सायकल आडवी घालून आम्ही पेठकडं निघालो. तय्यबभाई मोपेडवर मागं.

“आजारी हाय का सायकल?” हौशीरामनं विचारलं.

“नाही. घाटावर नेऊन खाली उतरवायची आहे.”

“मग खालून वर का नाय चालवत?”

“वर चढवण्याबद्दल पत्रात काही लिहिलेलं नाही.”

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि रेडिओचा आवाज वाढवला.

घाटमाथ्यावर मी सायकलीवर बसलो. तय्यबभाई आधीच खाली जाऊन थांबले होते. पहिल्या वळणापर्यंत मी दोन्ही ब्रेक इतके आवळले की मागून आलेला उसाचा ट्रॅक्टर मला ओलांडून गेला. दुसऱ्या वळणानंतर उतार सरळ होतो. तिथं बोटं दुखायला लागली म्हणून ब्रेक जरा सुटले, आणि सायकल पहिल्यांदा स्वतःच्या मनानं पळाली. आवाज नाही, खडखड नाही. तय्यबभाईंच्या चाकांचा एक बारीक सूर. त्या दहा-बारा क्षणांत मला वाटलं, ही असली वस्तू मी खंडेनवमीला झेंडू घालायला ठेवली होती?

मग हँडल हलायला लागलं. आधी थोडं, मग जोरात, कुणी कॉलर धरून गदागदा हलवावं तसं. चार वर्षं तोंडपाठ असलेलं पत्र त्या क्षणी मी संपूर्ण विसरलो. दोन्ही ब्रेक दाबले, कडेच्या मातीत उतरलो, आणि तसाच ढकलत खाली गेलो.

“हलली?” तय्यबभाई धावत आले.

“हलली.”

“गुडघा?”

“विसरलो.”

“या खुदा!”

“आणि तय्यबभाई, सायकल हलली की मीच थरथरत होतो, तेही सांगता येत नाही.”

त्यांनी बाटलीतलं पाणी दिलं. “मास्तर, तुमी तर अत्ता बी थरथरताय, सायकल उभी असून. परत जा.”

या वेळी टेम्पो नव्हता. चढाची दोन वळणं मी चालवत गेलो, बाकीची ढकलत. चालवलेल्या दोन वळणांबद्दल मी इंद्रायणीला पुढं चार असं सांगितलं. वर पोचेपर्यंत इतका दमलो की भ्यायलासुद्धा ताकद उरली नाही. मला वाटतं, शूर माणसांचं असंच काहीतरी असावं.

दुसऱ्या वळणानंतर, सरळ उतारावर, त्याच जागी हँडल हललं. या वेळी मी थरथरत नव्हतो, हात अगदी सैल होते. मी उजवा गुडघा आत घेतला आणि दांडीला टेकवला.

थांबलं. नळ बंद करावा तसं. गुडघा काढला, पुन्हा हललं. टेकवला, थांबलं. तीनदा केलं. ग्रंथपाल माणूस, खात्री केल्याशिवाय नोंद करत नाही.

खाली तय्यबभाई माझ्या तोंडाकडं बघत उभे होते.

“चाकं तुमची बरोबर आहेत,” मी म्हणालो. “सांधा चुकलाय.”

त्यांनी मोठा श्वास सोडला, हसले, आणि मग हसू मावळलं. “अरं देवा. आता अमृतभाऊंला कोण सांगनार?”

मंचरच्या पोस्टासमोर चहाच्या बाकावर बसून मी खिशातलं अंतर्देशीय काढलं. तेच नव्याण्णवचं. घड्यांवर फाटायला आलेलं. मधल्या काळात टपालाचे दर वाढले होते, म्हणून वर एक जादा तिकीट लावलं. ‘प्रिय अमृत’ची शाई फिकी झाली होती. त्याखाली लिहिलं:

‘हलते. पेठच्या घाटात, दुसऱ्या वळणानंतर, उतार सरळ होतो तिथं. दांडीला गुडघा टेकवला, थांबली. तीनदा तपासलं. चूक तुझ्या सांध्यात आहे. चाकं तय्यबभाईंनी बांधली आहेत, ती निर्दोष आहेत. मी आज पहिल्यांदा घाट उतरलो. मी सायकल चालवत नव्हतो, तुझ्याकडं जेवायला आलो तेव्हाही नव्हतो, आणि हे लिहायची मला लाज वाटत होती. तुझी चूक कोनाची आहे. माझी त्यापेक्षा मोठी आहे. नळी काप. हात हलत असेल तर तय्यबभाई धरायला येतो म्हणतात. मीही येईन, पण मी नुसता बघेन. सावळ्या.’

मी वाचून पाहिलं. ‘चूक’ हा शब्द फार कठोर वाटला. ‘त्रुटी’ बरं की ‘उणीव’, असा विचार करत पेनचं टोपण पुन्हा काढलं.

“काय करताय?” तय्यबभाईंनी विचारलं.

“एक शब्द बदलतो.”

“आना इकडं.” त्यांनी अंतर्देशीय माझ्या हातातून घेतलं, जीभ फिरवून चिकटवलं आणि परत माझ्या हातात दिलं. “टाकायचं मातर तुमीच.”

मी सायकल टपालपेटीला टेकवून उभी केली, स्टँड नव्हता म्हणून. पत्र पेटीच्या तोंडात अर्धं घातलं. मागं पाठवणाऱ्याचा पत्ता लिहायचा राहिला होता. ते परत काढावं असं फार वाटलं. पण माझं अक्षर इतकं वाईट आहे की अमृत ते चार वर्षांनीही ओळखेल.

मी सोडलं. आत पडल्याचा आवाज झाला.