पोटातले लाल दाणे

मी एक जुने मळणी यंत्र आहे. मित्रांनो, माझ्या ताकदीचे कौतुक ऐकायला बसला असाल तर उठा. मला माझी लाज सांगायची आहे.

कारखान्यात मला दाते ठोकले, चाळण्या बसवल्या, वर हिरवा रंग फासला. एका शेतकरी घराने मला आणले. घरातला धाकटा भाऊ मला चालवायचा. बारा हंगाम मी गावाचा गहू मळला. "वाघ आहे वाघ!" असे लोक म्हणत आणि मी फुगत असे. माझ्या कोपऱ्यांत काय अडकून राहते, हे कोणी बघितले नाही. मलाही ते झाकलेलेच बरे वाटे.

त्या वर्षी घरातल्या थोरल्या सुनेने बियाण्यासाठी पिवळसर दाण्याचा गहू लावला. वीस घरे तिच्या बियाण्याची वाट बघत होती. ती रोज ओळीओळीने फिरली. बियाण्यात भेसळ नको म्हणून वेगळ्या ओंबीचे एकेक झाड मुळासकट उपटून तिने शेताबाहेर टाकले. बोटांना चिरा पडल्या. बियाणे तपासायला आलेले सरकारी तपासनीस शेत बघून म्हणाले, "ताई, चुकायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही!"

जागा होती. ती माझ्या पोटात होती.

मळणीच्या सकाळी तिने दिराला विचारले, "भावजी, काल यात शेजारचा लाल गहू मळलात ना? चाळण्या काढून झाडल्यात?"

"पाच मिनिटं रिकामं फिरवलंय, वहिनी. आता काय साबण लावून आंघोळ घालू?"

सगळे हसले. तीही हसली. मी सुरू झाले. चाळणीच्या चौकटीमागे दडलेले लाल दाणे धक्क्याधक्क्याने सुटले आणि तिच्या गव्हात पडत गेले. एरवी बिनकामाची खडखड करणारे मी, त्या दिवशी कसे गुळगुळीत चालले!

सातव्या पोत्यातून तिने ओंजळ भरली, तर पिवळसर गव्हात लाल दाणे होते. तिने मागची पोती उघडली. त्यांतही लाल दाणे होते.

दीर हळूच म्हणाला, "वहिनी, दहावीस तर दाणे आहेत. तपासणीला निवडून नमुना देऊ. कोणाला कळतंय?"

"पेरल्यावर कळेल ना! दहाचे पाचशे होतील, पाचशेचे किती? वीस घरांच्या शेतात मी ही घाण पाठवू? सगळा गहू गिरणीला न्या, भावजी."

तिच्या हंगामाचे पीठ झाले. वीस घरांनी मिळेल ते बियाणे पेरले.

दुसऱ्या दिवशी दिराने मान खाली घालून माझी झाकणे उघडली. चाळण्या काढल्या, ब्रश फिरवला, फटींतले दाणे तारेने उकरले. ती शेजारी उभी राहून बघत होती. सगळ्याला पाऊण तास लागला.

फक्त पाऊण तास, मित्रांनो! गव्हाची जात बदलली की आधी मला उघडा, आत हात घाला. यंत्र साफ आहे, असे कोणी हसत सांगितले तरी ऐकू नका. मला वाघ म्हणू नका. मला झाडा.