केनवडच्या चक्कीतला तिसरा गिअर

मी गिअरबॉक्स बोलतोय. अहो इकडे, खाली! इंजिनाकडे काय बघता, ते नुसतं बोंबलतं. इंजिन आणि जातं यांच्या मधोमध, दोन पट्ट्यांत अडकलेली, पिठानं पांढरी झालेली ती लोखंडी पेटी दिसते ना, तो मी. दळण आणलंय ना? ठेवा टोपली ओट्यावर. तुमच्यापुढे चार बायकांचे नंबर आहेत. तोवर माझं ऐका. रोज एवढी माणसं येतात, पण माझी विचारपूस कोणी करत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी जन्मानं चक्कीचा नाही. मी मोटारीचा. मोटारही अशीतशी नव्हे. दोनच माणसांची, उघड्या टपाची, लालभडक, पळण्यासाठीच बनवलेली. मला चार गिअर पुढचे आणि एक मागचा. पहिला ओढायचा, दुसरा चढायचा, तिसरा सांभाळायचा. आणि चौथा, म्हणजे टॉप, तो उडायचा! टॉप पडला की सगळी घरघर थांबायची आणि वाऱ्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. मी म्हणजे टॉप, बाकीचे तिघं नुसते तिथवर पोचवणारे, अशी माझी पक्की समजूत होती.

जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात, हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यानंतर दोन-तीन वर्षांनी. आम्ही भावंडं एका रांगेत मांडलेली असायचो आणि कोणी कुठल्या देशात जायचं ते खोक्यावर लिहिलेलं असायचं. अमेरिकेची खोकी आली की आम्हाला जोडणारा म्हातारा फिटर मान हलवायचा. तिकडच्या लोकांना म्हणे आता डावा पाय उचलायचा कंटाळा आला होता. गिअर आपोआप बदलणाऱ्या गाड्या त्यांना हव्या होत्या. माझ्या खोक्यावर मुंबईचं नाव दिसलं तेव्हा मी खूश झालो. जिथं माणसं अजून हातानं गिअर टाकतात तिथं आपली कदर होईल, असं मला वाटलं.

कदर झाली, खोटं कशाला बोलू. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनवाल्या शेठजींच्या धाकट्या मुलानं आमची मोटार घेतली. छोटे शेठ ड्रायव्हर ठेवायचे नाहीत, स्वतः चालवायचे. पातूरचा घाट दुसऱ्यात चढायचा, तिसऱ्यात उतरायचा आणि मेडशीच्या अलीकडे सडक सरळ झाली की टॉप. काटा सत्तर मैलांवर जायचा. शेतातली माणसं कामं टाकून बांधावर येऊन उभी राहायची.

पण पळायची हौस म्हणजे शहाणपण नव्हे. एके दिवशी मेडशीजवळ वळणापलीकडे कडब्याची गाडी उभी होती. छोटे शेठ टॉपमधून खाली यायला तयारच नव्हते. शेवटी बैल वाचवायला त्यांनी मोटार नाल्यात घातली. त्यांचा हात मोडला आणि मोटारीचा कणा मोडला. शेठजींनी मुलाला परत चाकाला हात लावू दिला नाही. मोटारीचं इंजिन एकाकडे गेलं, चाकं दुसऱ्याकडे, आणि मी सैफुद्दीन मिस्तरीच्या पोत्यात पडून, बसच्या टपावरून इथं केनवडला आलो.

सैफुद्दीन मिस्तरी म्हणजे या चक्कीचे मालक. माणूस हुशार. इंजिन एका चालीचं, जातं दुसऱ्या चालीचं, त्या दोघांचं जमत नव्हतं. मिस्तरींनी मला मधे बसवलं, एकेक गिअर टाकून पाहिला आणि तिसऱ्यावर जातं कसं छान, एका लयीत फिरायला लागलं. त्यांची बायको हलिमाबी पीठ बोटांत चोळून म्हणाली, "बस, यहीच. आता याले हात नका लावू."

पण मिस्तरींना राहवेना. आठवड्यानं त्यांनी टॉप टाकला. मी म्हटलं, आलो रे आलो! जातं असं भिंगरलं की ओट्यावरच्या टोपल्या थरथरल्या. दहा मिनिटं मी पुन्हा मोटार झालो होतो. दुसऱ्या दिवशी तांड्यावरची रुपाबाई पिठाची थैली घेऊन दारात उभी.

"मिस्तरी, पीठ जाळलं ना गा तुमी! भाकर थापाले घेतली तं चिरा पडून राह्यल्या. विरी गेली पिठाची, चिकटपणाच नाई राह्यला."

"जरा जोरात दळून पाह्यलं, रुपाबाई."

"जोरात कायले? आमाले का गाडी पकडाची हाय?"

ओट्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. मिस्तरींनी मुकाट्यानं मला तिसऱ्यात टाकलं आणि दांडी सुतळीनं घट्ट बांधून टाकली.

ती गाठ म्हणजे माझी कैद. सकाळी इंजिन पुक्‌पुक् करायला लागलं की तिसरा. दुपारी तिसरा. संध्याकाळी शेवटची पायली दळून होईपर्यंत तिसरा. मी दिवसाला किती मैल चाललो असेन त्याचा हिशेब लावून बघा, आणि जागचा वीतभरही हललो नाही! शेजारी दुसरा बसलेला, टॉप बसलेला, तेलात न्हालेले, दात नवेकोरे. त्यांच्याकडे बघत मी फिरायचो. एकदा, फक्त एकदा मला सडकेवर टॉप टाका, मग भंगारात घाला, असं मी मनात म्हणायचो. जीव गुदमरायचा हो.

माझं हे दुखणं कोणाला कळलं असेल तर त्या रुपाबाईलाच. त्याच वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी, आपल्या बैलांचे खांदे शेकून झाल्यावर, ती हळद-लोण्याची वाटी घेऊन चक्कीवर आली. पिठाचं फडकं बाजूला करून तिनं माझ्या पाठीवर हळद-लोणी चोळलं आणि बैलाला म्हणतात तसंच म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मिस्तरी बघतच राहिले. "अवो रुपाबाई, हे लोखंड हाय."

"लोखंड हाय तं काय झालं? वरीसभर जू मानेवर घेऊन राबते. माह्या खांद्यावरचं जातं यानंच उतरवलं. उद्या याले सुटी द्या."

आणि तिचं बरोबर होतं. चक्की येण्याआधी ती आणि तिच्यासारख्या सगळ्या पहाटे उठून हातानं दळायच्या. तिचा उजवा खांदा अजून वर होत नाही.

पोळ्याच्या दिवशी मिस्तरींनी सुतळी सोडली आणि दांडी मधोमध आणून ठेवली. न्यूट्रल. रुपाबाईनं बैलाच्या शिंगाला लावून उरलेली बेगड दांडीच्या गोट्याला चिकटवली. मग मिस्तरींनी गंमत म्हणून घटकाभर इंजिन चालू केलं. जात्याचं ओझं नाही, काही नाही, मी नुसता हलका हलका फिरलो. वर्षातून तेवढा एक दिवस मी कोणाचा नसायचो. दरवर्षी त्या दिवसाची मी वाट बघायचो.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग गेल्या वर्षी, पोळ्याच्याच दिवशी, मी न्यूट्रलमध्ये पडलेला असताना एक पाहुणा आला. अकोल्याचा जमशेद, मोटारी दुरुस्त करणारा. बरोबर पोत्यात बांधलेला एक भलाथोरला गिअरबॉक्स, लढाईतल्या लष्करी ट्रकचा. त्यानं माझ्या दांडीवरचे चार आकडे पाहिले आणि तो तिथंच खाली बसला.

"मिस्तरी, दोन वर्षं शोधून राह्यलो. अशीच लाल गाडी माह्यापाशी हाय. दुसऱ्या गिअरचा दात तुटला, झाकण फुटलं. तवापासून छपरात उभी हाय. मुंबईले पत्रं टाकली. तिकून जबाब आला, नाई मिळत. कारखान्यानं हा नमुनाच बंद केला, अन् बाहेरून सामान आणाले सरकार परवानगी देत नाई."

"मंग तिकडं आता कसे गिअर बनवतेत?"

"अमेरिकेत तं गिअर टाकाचं कामच नाई राह्यलं. पाय ठेवला का गाडी निघाली."

"मंग डायवर काय करते?"

"बसते."

रुपाबाई पुरणपोळीचा नैवेद्य घेऊन आली होती, ती मधेच बोलली, "म्हंजी त्याईची गाडी बी चक्कीच झाली म्हना."

जमशेद हसला. मग त्यानं मुद्द्याचं बोलणं काढलं. हा ट्रकचा डबा घ्या, चक्कीला दहा वर्षं काही होणार नाही. तुमचा मला द्या. मिस्तरींनी हलिमाबीकडे पाहिलं. हलिमाबी म्हणाली, "आपली चक्की बंद नाई पडत, त्याची गाडी चालू होते. देऊन टाका."

काय सांगू तुम्हाला! कोणाचं नुकसान नाही, कोणाची भाकर बुडत नाही, आणि मी सुटणार! छपरात एक लाल गाडी माझ्यासाठी दोन वर्षं उभी होती. मला मेडशीची सरळ सडक दिसायला लागली.

रुपाबाई नैवेद्य ठेवून घरी गेली. जमशेदनं पाने काढले, माझं झाकण उघडलं आणि आत हात घातला. आधी दुसरा चाचपला. "नवा हाय बावा!" मग टॉप. "याले तं कोनी हातच नाई लावला." मग त्याचं बोट तिसऱ्यावर आलं आणि थांबलं. त्यानं कंदील मागवला, वाकून पाहिलं. एकेक दात नखानं तपासला.

"काय झालं?" मिस्तरींनी विचारलं.

"तिसरा खल्लास हाय, मिस्तरी. दाताईले धार आली. आतपर्यंत पीठ गेलं. चक्कीत एका चालीनं चालते म्हनून चालून राह्यला. सडकीवर धक्के बसले तं दोन दिवस टिकाचा नाई."

मी आतून ओरडत होतो. अरे, माझा टॉप बघ! टॉप बघून बोल! पण तो सज्जन माणूस, खरं तेच बोलला. "माह्या डब्यातला तिसरा चांगला हाय. पुरा डबा नेऊन फायदा नाई. मले नुसता दुसरा द्या, अन् हे झाकण दांडीसकट."

आणि तसंच झालं. माझा दुसरा त्यानं बाहेर काढला. हलिमाबीनं दिलेल्या जुन्या ओढणीत गुंडाळला. झाकण घेतलं, दांडी घेतली, बेगड लावलेला गोटाही गेला. बदल्यात त्यानं पत्र्याचं नवं झाकण बेतून बसवून दिलं आणि तिसरा निसटू नये म्हणून आतून बोल्ट मारून पक्का केला. मग ट्रकचा डबा खांद्यावर टाकून तो संध्याकाळच्या बसनं निघून गेला. मी इथंच राहिलो. मी टॉप नव्हतो. ज्याच्यावर जिणं गेलं तो तिसराच मी होतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि फार वाईट वाटलं.

आता तर दांडीच नाही. दांडी नाही म्हणजे न्यूट्रल नाही, न्यूट्रल नाही म्हणजे पोळाही नाही. सबंध वर्ष मी नुसता कुरकुरत दळत राहिलो.

परवा पुन्हा पोळा आला. रुपाबाई बेगड घेऊन आली, पिठाचं फडकं बाजूला करून माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दांडी शोधायला लागली.

"याची दांडी कुठी गेली?"

"जमशेदनं नेली ना मागल्या साली. आता याले सुटी नाई देता येत, रुपाबाई. आतून बोल्ट हाय."

"काहून नाई देता येत? मानेतलं जू नाई निघत तं सापती, गळ्यातला पट्टा, सोडा. याचा बी पट्टा काढा."

मिस्तरींनी डोकं खाजवलं आणि दोन्हीकडचे पट्टे उतरवले. इंजिन बंद, जातं बंद. रुपाबाईनं डाव्या हातानं माझं चाक एकदा सावकाश फिरवलं. "फिर बावा जरासा. दळन नाई, असाच फिर." मग ती घरी गेली. चक्कीत मी एकटा. भरदिवसा इतकी शांतता मी इथं कधी ऐकली नव्हती.

आणि त्या शांततेत, दुपारच्या वेळी, अकोल्याच्या वाटेवरच्या मालेगावकडून एक आवाज आला. बस नाही, ट्रक नाही. मी लगेच ओळखला. जमशेद लाल गाडी घेऊन मेहकरकडे निघाला होता. गावाबाहेरच्या चढाला त्यानं गिअर खाली घेतला आणि दुसरा पडला. माझा दुसरा! कसा ओढत होता पोरगा, एक दात चुकला नाही. मग चढ संपला. तिसरा. आणि मग सगळी घरघर थांबली आणि गाडी निघून गेली. टॉप त्याचा होता, पण तिथवर पोचवणारा माझा होता.

रोजच्यासारखी चक्की चालू असती तर ती गाडी दारावरून गेली असती तरी मला पत्ता लागला नसता.

झालं, तुमचा नंबर आला. पट्टे परत चढलेत, मी तिसऱ्यात आहे आणि तिसऱ्यातच राहणार. तुमची ज्वारी चांगली दळून देतो, विरी जाणार नाही, खात्री बाळगा. फक्त जाताना एक ध्यानात ठेवा. तुमच्या घरी, शेजारी, असा एकाच चालीत जखडलेला कोणी असेल, बाई असेल, बैल असेल, माझ्यासारखं लोखंड असेल, त्याला सोडवता आलं नाही तरी चालेल. वर्षातून एक दिवस त्याचा पट्टा तेवढा काढून ठेवा. तेवढ्या शांततेत लांबचं ऐकू येतं हो.