एका बागेची दोन मतं

केटुराला लग्नही करायचं होतं आणि मतही द्यायचं होतं, आणि दोन्ही एकाच मंगळवारी आलं होतं. सकाळपासून तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

देशाची नवी राज्यघटना मान्य करायची का, हे ठरवणाऱ्या प्रतिनिधींची निवडणूक होती, आणि मताबद्दल न्यू जर्सीचा कायदा सरळ होता. ज्याच्याकडे पन्नास पौंडांची मालमत्ता, त्याला मत. पुरुष की बाई, हे लिहायचं कायदा करणारे विसरले होते, की मुद्दाम विसरले होते, देव जाणे. पहिल्या नवऱ्यामागे केटुराकडे सफरचंदाची बाग होती, म्हणून मत होतं. पण लग्न लागलं की बाग नव्या नवऱ्याची. तो नवा नवरा, टूनिस, पिंपं बांधून पोट भरायचा. इंग्रजांशी सहा वर्षं लढून तो परत आला एक फाटका कोट आणि अधू गुडघा घेऊन. ज्या राज्यासाठी लढला, तिथे मत देण्याइतकी त्याची ऐपत नव्हती. थोडक्यात, मत एक आणि वाटेकरी दोन.

"आधी लग्न लावू, मग मत मी देतो," टूनिस म्हणाला. "सहा वर्षं गोळ्या चुकवल्यात मी."

"आणि मी तुमच्या सैन्याला सफरचंदाची दारू पुरवली, ती काय तुम्ही घोड्यांना पाजलीत?"

"तू त्या वकील पिअरसनला मत देणार."

"देणारच. फिलाडेल्फियाहून आलेली ही राज्यघटना मान्य करायच्या आधी आपले हक्क लिहून घ्या, म्हणतो तो. तोंडी वचनावर मी शेजाऱ्याला शिडीसुद्धा देत नाही."

"कर्नल हॅडक म्हणतात, आधी मान्य करा, मग भांडत बसा. आम्ही बर्फात अनवाणी का होतो, माहितीये? बूट कुणी द्यायचे, यावर तेरा राज्यं एकमेकांकडे बोट दाखवत होती."

"तुझा हॅडक म्हणजे बोलणारा भोपळा आहे."

चुलीपाशी पाद्रीबाबा तळलेले गोड गोळे खात बसले होते. "लेकरांनो, मी केव्हाही लग्न लावीन," ते म्हणाले, "पण ताटातलं संपायच्या आत ठरवा."

आणि केटुराला ते सुचलं. सुचताच ती इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली.

"मतदान दिवेलागणीपर्यंत आहे," ती म्हणाली. "मी आत्ता मत देते. दुपारी लग्न. मग तू दे."

"एकाच बागेवर?"

"सकाळी ती माझी, संध्याकाळी तुझी. दिवसात दोन मालक असू नयेत, असं कुठे लिहिलंय?"

पाद्रीबाबांना जोराचा ठसका लागला.

मतदान दारूच्या गुत्त्यात होतं. कारकुनासमोर उभं राहायचं आणि मोठ्याने नाव सांगायचं. केटुराने सांगितलं, "वकील पिअरसन." कारकुनाने ते लिहून घेतलं, कुणाला न विचारता, फक्त ती म्हणाली म्हणून. तिचे कान तापले. बाहेर येऊन तिने उगीचच विहिरीला एक फेरी मारली. तिला पुन्हा एकदा मत द्यावंसं वाटलं, आणि मग कळलं की लग्नानंतर आता पुन्हा नाही. त्या क्षणी तिला लग्न नकोसं झालं, अगदी खरोखर नकोसं. मग समोरून टूनिस आला. श्रीमंतांसारखे पांढरे केस हवेत म्हणून त्याने डोक्याला गव्हाचं पीठ चोपडलं होतं आणि त्यातलं निम्मं कोटावर सांडलं होतं. तिला हसू फुटलं, आणि तिने त्याचा हात धरला.

दुपारी लग्न लागलं. फिडल वाजवत सगळी वरात गुत्त्यात शिरली.

"या बागेचं मत सकाळीच झालंय," कारकून म्हणाला.

"ते विधवाबाईंचं," केटुरा म्हणाली. "विधवाबाई आता राहिल्या नाहीत. हे माझे यजमान."

मतदानावर देखरेख करणाऱ्या पंचांनी कायद्याचं पान उलटं केलं, सुलटं केलं, एक घोट घेतला आणि म्हणाले, "बोल बाबा, कुणाला देतोस?"

टूनिसने तोंड उघडलं. आवाजच फुटेना. तोफांच्या वर ओरडणारा माणूस, त्याचा ओठ थरथरायला लागला आणि डोळे भरून आले. फिडल थांबलं.

"नाव सांग," कारकून म्हणाला, "नाहीतर बाजूला हो."

केटुराला फक्त गप्प राहायचं होतं. एवढं केलं असतं, तर पिअरसनचं मत टिकलं असतं. तिने टूनिसकडे पाहिलं.

"कर्नल हॅडक," ती खणखणीत म्हणाली. "तो कर्नल हॅडक म्हणतोय. लिहा."

टूनिसने जोरजोरात होकारार्थी मान हलवली. कारकुनाने लिहिलं आणि गुत्त्यातल्या लोकांनी टेबलं बडवून नुसता गोंधळ घातला. सकाळचं मत केटुराने स्वतःच्या तोंडाने फुकट घालवलं होतं. तिला रडूही येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं.

"पुढच्या वेळी," टूनिस कसाबसा म्हणाला, "तू म्हणशील त्याला देईन."

"पुढच्या वेळी मत तुझंच आहे, तुला हवं त्याला दे," ती म्हणाली. "आजची मात्र दोन्ही मी दिली."