शंभरातले पाच ठिपके

आक्कांनी चाळीस वर्षं शिवणयंत्र चालवलं होतं. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात, रक्ताची गुठळी मेंदूत गेली तर अर्धांगवायू होईल, म्हणून डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या लिहून दिल्या. महिना झाला, पाकीट फोडलेलंसुद्धा नव्हतं. शिवताना दिवसातून दोनदा बोटाला सुई टोचून घेणाऱ्या बाईनं रक्त पातळ करायचं? सुनेला मात्र रोज सांगत, "घेतली गं."

पुढच्या गोळ्या न्यायला कुणी आलं नाही, म्हणून दवाखान्यातल्या फार्मासिस्टबाईंनी दोघींना बोलावलं. आक्का बोलणी खायच्या तयारीनंच गेल्या.

"आक्का, भीती कसली वाटते?" बाईंनी विचारलं.

सून चपापली. जन्मात कुठल्या दवाखान्यात आक्कांना हे कुणी विचारलं नव्हतं. मग सुया, कात्री, शेजारणीनं घातलेली भीती, सगळं भडाभडा बाहेर आलं.

बाईंनी आक्कांचीच दोन बोटं त्यांच्या दुसऱ्या हाताच्या मनगटावर टेकवली. "मोजू नका, नुसतं बघा."

दोन ठोके घाईत, एक चुकलेला, मग तीन.

"अगं बाई! हे माझ्या आत चाललंय?"

"दिवसाला लाखभर. तुम्ही झोपता तेव्हाही."

अडुसष्ट वर्षं, एकही सुट्टी न घेता! आक्कांच्या अंगावर काटा आला. बोटं उचलवेनात.

बाईंनी शंभर ठिपक्यांचा कागद पुढे सरकवला. "ही तुमच्यासारखी शंभर माणसं. गोळी नाही घेतली, तर वर्षभरात साधारण पाचांना अर्धांगवायूचा झटका येतो. घेतली, तर एकदोघांना. पण गोळीनं दोघातिघांना मोठा रक्तस्रावही होऊ शकतो. सुई टोचली तर जरा जास्त वेळ दाबून धरायचं, इतकंच. डोक्याला मार लागला, शौचाला काळं झालं, तर मात्र थेट इथे यायचं. बाकी काही घेता?"

"गुडघ्याची गोळी. रोज."

"ती या गोळीबरोबर चालत नाही. पोटातून रक्त जाईल. गुडघ्यासाठी दुसरं काय देता येईल, ते मी आत्ताच डॉक्टरांना विचारते."

आक्का ठिपक्यांकडे बघत राहिल्या. "गोळीनं वाचलेल्या त्या तिघाचौघांत मी असेन का गं?"

"ते कुणालाच कळत नाही. तुम्हालाही कळणार नाही. निर्णय तुमचा, आक्का. घरी जाऊन विचार केलात तरी चालेल."

जी माणसं वाचली, त्यांना आपण वाचलो हे ठाऊकच नाही! शिवण-टिपणात, भांडणात, आपल्या नादात जगताहेत. सुनेनं तोंड उघडलं, तर आक्कांनी हातानंच तिला थांबवलं.

"घेते," त्या म्हणाल्या. "पण मला पटलं म्हणून घेते हं, कुणाच्या धाकानं नाही."

बाहेर पडल्यावर त्यांनी सुनेचा दंड धरला. "महिनाभर खोटं बोलले तुझ्याशी. आता सकाळी आठ, रात्री आठ. विसरले तर खुशाल ओरड."

"ओरडणारच आहे," सून म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते.