पुसलेला समास

मी पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, एक प्रत. बोलण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझ्यातले वचन माझे नाही. माझे म्हणण्यासारखे आहेत ते कागद, शाई, पाठीवरचा दोरा आणि खळ. सांगते आहे ती कथा या कागदाची.

मला बांधणाऱ्या कारागिराने माझे समास रुंद ठेवले होते. चार बोटे कोरी जागा, दोन्ही बाजूंना. ती कशासाठी, हे मला माझ्या पहिल्या मालकाने शिकवले.

तो घड्याळे दुरुस्त करीत असे. दुकान उघडण्यापूर्वी तो मला टेबलावर ठेवी, हात धुई आणि पाच-सहा ओळी वाची. त्याहून अधिक कधी नाही. "एका वेळी एकच चाक उचलावं," तो म्हणे. जे कळले नाही, त्याच्या शेजारी समासात पेन्सिलीने बारीकसे प्रश्नचिन्ह काढी. कधी महिन्याने, कधी नऊ वर्षांनी त्याला उत्तर मिळे: एखाद्या आजारपणात, एखाद्या माणसाच्या वागण्यात. मग त्या चिन्हाखाली तो तारीख लिही. काही चिन्हांखाली त्याच्या मरणापर्यंत तारीख पडली नाही. त्याने ती चिन्हे खोडली मात्र नाहीत. इतक्या धीराने वाट पाहणारा वाचक मला पुन्हा मिळाला नाही.

त्याला दोन मुलगे. धाकटा सुतार. त्याला डोळ्यांपुढे उभे राहिल्याशिवाय काही समजत नसे. महापुराआधी नोहाने बांधलेल्या तारवाची, त्या मोठ्या जहाजाची, लांबी त्याने एकदा घरासमोरच्या रस्त्यावर पावलांनी मोजली. शेजारी हसले. तो घामाघूम होऊन परतला आणि म्हणाला, "बाबा, एवढं लाकूड तासायचं, आणि आभाळ कोरडं! त्या माणसाला लोक काय काय बोलले असतील!" बापाने त्याला पेन्सिल दिली. तेव्हापासून माझ्या समासांत तारू आले, मंदिराचे खांब आले, विहिरीचा काठ आला.

थोरला छापखान्यात मुद्रितशोधक. त्याच्या शिस्तीला मी आजही मान देते. रोज तीन अध्याय, रविवारी पाच, वर्षाला संपूर्ण शास्त्र. ताप असो, पाहुणे असोत, नेम चुकला नाही. पण त्याच्या डोळ्यांना धंद्याचे वळण पडले होते. छापखान्यात तो ओळ शेवटाकडून सुरुवातीकडे वाची. "अर्थ लागला की चूक निसटते," असे तो नव्या माणसांना बजावी. तीस वर्षे अर्थाला दूर ठेवणारे डोळे घरी आल्यावर बदलत नाहीत.

बाप गेल्यावर मी थोरल्याकडे आले. छापखान्याचा एक नियम होता: अंतिम प्रतीवर पेन्सिलीची खूण राहता कामा नये. एका दुपारी त्याने खोडरबर घेतले आणि पहिल्या पानापासून माझे समास स्वच्छ करायला बसला. तीन दुपारी लागल्या. तारू गेले, खांब गेले, विहीर गेली. प्रश्नचिन्हेही गेली, तारखाही.

पुढच्या रविवारी धाकटा आला. त्याने मला उघडले, पाच-दहा पाने उलटली आणि उभाच राहिला.

"दादा, माझी चित्रं पुसलीस, ठीक आहे. बाबांचं काय केलंस?"

"शास्त्रावर डाग होते. स्वच्छ केले."

"डाग?"

"मग काय म्हणू? पवित्र ग्रंथ आहे, तुझी फळी नव्हे रेघोट्या मारायला."

धाकट्याने मला मिटले, टेबलावर हळूच ठेवले आणि तो निघून गेला. त्यानंतर तो त्या घराची पायरी चढला नाही; अकरा वर्षे अशीच गेली. थोरल्यानेही त्याला हाक मारली नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या, त्याला स्वतःची कबूल करण्याचा सराव नव्हता.

या अकरा वर्षांत त्याने मला अकरा वेळा संपूर्ण वाचले. प्रभूने डोंगरावर दिलेल्या शिकवणुकीत एक जागा आहे. अर्पण घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला आठवते, की आपला भाऊ आपल्यावर नाराज आहे. त्याने अर्पण तिथेच ठेवून आधी भावाची भेट घ्यावी, असा तिचा आशय. त्या पानावर थोरल्याला एकदा तुटकी वेलांटी सापडली. त्याने प्रकाशकाला पत्रही लिहिले. वेलांटी दिसली, भाऊ दिसला नाही.

मग त्याची नजर गेली. डोळ्याच्या पडद्याचा विकार. मधले काही दिसेना, कडांचे धूसर दिसे. नेम मोडू नये म्हणून तो बायकोला वाचून दाखव म्हणाला.

ही बाई निवृत्त परिचारिका. तिची रीत वेगळी. एका वेळी एकच वचन ती कागदावर उतरवी, कपाटाच्या दाराला आतून चिकटवी आणि पदर नीट करताना, औषध काढताना तेच पुन्हा पुन्हा म्हणे. वचन पाठ झाले म्हणून ती कागद बदलत नसे. त्याप्रमाणे एकदा तरी वागून झाले, की बदली. एक कागद चार महिने तसाच होता. त्या काळात शेजारीण तिच्याशी भांडली होती.

ती वाचू लागली. नवरा म्हणे, "जरा भरभर वाच." ती म्हणे, "मला कुठं गाडी पकडायचीय?"

एका सकाळी ती त्या पानाशी आली. अर्पणाची ओळ वाचली आणि थांबली.

"का थांबलीस?"

"पुढचं वाचायचं नाहीये. करायचंय."

"अगं, आजचे तीन अध्याय..."

"आजचा एकच. तोही अर्धा."

"मला शिकवतेस?"

"मी कोण शिकवणार? मी नुसतं वाचलं."

दोन दिवस मी त्याच पानावर उघडी पडून होते. त्याचा नेम प्रथमच मोडला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "माझ्या चपला कुठायत?"

ती त्याचा हात धरून चालत होती. मी त्याच्या काखेत. सुताराच्या कारखान्यात रंधा चालू होता. आमची चाहूल लागताच थांबला.

"वहिनी, ह्यांना कुठं घेऊन आलात? रस्ता चुकलात की काय?"

"नाही भाऊजी. त्यांना दिसत नाही आता."

धाकट्याने रंधा खाली ठेवला.

"म्हणजे दिसेनासं झालं म्हणून आलास, दादा?"

"दिसत होतं तेव्हाच यायला हवं होतं," थोरला म्हणाला. "ऐक. बाबांचं अक्षर मी ओळखलं होतं. ओळखून पुसलं. पानापानावर प्रश्नचिन्हं. आपल्या बाबांना एवढ्या शंका होत्या, हे कुणाला दिसू नये असं वाटलं. मी चुकलो."

हे मलाही ठाऊक नव्हते. रबर फिरताना मी फक्त दाब ओळखला होता. त्यामागची लाज नाही.

"शंका नव्हत्या रे त्या," धाकटा म्हणाला. "बाबा देवाला विचारत होते. आणि थांबत होते."

थोरल्याने मला काखेतून काढले आणि खूण घातलेले ते पान उघडले.

"माफ केलं, असं आज माझ्या तोंडून निघणार नाही," धाकटा म्हणाला. "खोटं कशाला बोलू?" मग त्याने एका बाकावरचा भुसा हाताने झाडला. "बस. कुठवर आला होतास?"

"इथंच. अर्पणाच्या ओळीवर."

"आण इकडे. पुढचं मी वाचतो."

आता मी त्या कारखान्यातच असते. दर शनिवारी थोरला येतो. धाकटा वाचतो, मध्येच थांबून माप सांगतो, थोरल्याचा हात धरून उंची दाखवतो. थोरला मधूनच म्हणतो, "थांब, हे कळलं नाही." हे शब्द त्याच्या तोंडून मी पूर्वी कधी ऐकले नव्हते. धाकटा अजून त्याच्या घरी गेलेला नाही. माझ्या पानांत भुसा शिरतो, पाठीचा दोरा सैल झाला आहे. तक्रार नाही.

वाचकहो, मला कसेही वाचा. ओळीओळीने वाचा, वर्षात संपूर्ण वाचा, पाठ करा, लिहून काढा, रस्त्यावर पावलांनी मोजा. प्रत्येक रीतीने वाचणारी चांगली माणसे मी पाहिली आहेत. मागणे एवढेच, की एखादी ओळ तुम्हांला कुणाच्या तरी दाराची आठवण करून देईल, तेव्हा पान उलटू नका. उठा आणि जा. मला उघडीच ठेवा; मी थांबेन.